दारांची भिंत

उत्तर इंग्लंडमधल्या हाउसस्टेड्स या रोमन किल्ल्यापासून कड्याच्या धारेनं पश्चिमेकडे निघालं, की थोड्याच अंतरावर एक लहानशी गढी लागते. जेमतेम पंधरा-सतरा मीटर लांबीरुंदीची. संशोधकांच्या यादीत तिचा क्रमांक ३७. तिची उत्तरेची बाजू म्हणजेच हेड्रियनची भिंत, आणि त्या बाजूला मधोमध एक दार आहे. दोन्हीकडचे घडीव दगडी खांब अजून उभे आहेत, कमानीचे सुरुवातीचे दगडही जागच्या जागी आहेत. भरलेली बैलगाडी सहज आत यावी एवढं हे दार रुंद होतं. पण त्यातून उत्तरेला पाऊल टाकलं, की समोर इतका तीव्र उतार, की गाडी सोडाच, लादलेलं खेचर नेणंही जिवावरचं काम.

असं दार बांधायचं कशाला? रोमन स्थापत्यकारांना जमीन कळत नव्हती, असं म्हणण्याची कुणाची छाती नाही. उत्तर आहे ते हुकुमात. आराखडा म्हणत होता, दर रोमन मैलाला एक गढी आणि प्रत्येक गढीला उत्तर-दक्षिण अशी समोरासमोर दोन दारं. मैल कड्यावर संपला, तर दारही कड्यावर. हा हुकूम मनात ठेवला, तर या भिंतीचा हेतू समजायला सोपा जातो. कारण ज्याला फक्त अडवायचं असतं, तो दर दीड किलोमीटरला भिंतीला भोक पाडून ठेवत नाही.

इ.स. ११७ मध्ये हेड्रियन सम्राट झाला, तेव्हा साम्राज्य फुगून थकलं होतं. त्याच्या आधीच्या ट्रेजननं डेशिया जिंकला होता, मेसोपोटेमियात मुसंडी मारली होती. हेड्रियननं मेसोपोटेमिया सोडून दिला आणि आहे ते नीट राखायचं ठरवलं. त्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग प्रवासात गेला. सरहद्दीवरच्या छावण्या त्यानं स्वतः पाहिल्या, सैनिकांच्या कवायती तपासल्या. जर्मनीत जिथं ऱ्हाईन आणि डॅन्यूब या नद्या आड नव्हत्या, तिथं याच काळात ओकच्या मोठमोठ्या खांबांचं कुंपण रोवलं गेलं. तिथून १२२ मध्ये तो ब्रिटनला आला. त्याच वर्षी ब्रिटनचा नवा सुभेदार म्हणून त्याचा विश्वासू ऑलस प्लॅटोरियस नेपोस रुजू झाला आणि काम सुरू झालं.

पूर्वेला टाइन नदीवरच्या वॉल्सेंडपासून पश्चिमेला सॉलवेच्या खाडीवरच्या बोनेसपर्यंत ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११८ किलोमीटर. पूर्वेकडचा मोठा भाग दगडाचा. अर्थिंग नदीच्या पश्चिमेला मात्र सुरुवातीला गवताळ मातीच्या चौकोनी ढेपा रचून भिंत उभारली, पायथ्याला जवळपास सहा मीटर रुंद; तिथं नंतर दगड आला. चुनखडी जवळ मिळत नव्हती, हे त्याचं एक कारण मानलं जातं. दोन गढ्यांच्या मध्ये दोन बुरूज, म्हणजे सुमारे पाचशे मीटरला एक पहाऱ्याची जागा. भिंतीच्या उत्तरेला इंग्रजी व्ही अक्षरासारखा खंदक, जिथं कडाच खंदकाचं काम करतो तेवढी जागा सोडून. बोनेसला भिंत संपते, पण गढ्या आणि बुरुजांची रांग समुद्रकिनाऱ्यानं दक्षिणेकडे पुढे चालू राहते, भिंतीशिवाय. ही रांग फार बोलकी आहे. पहारा ही मूळ गोष्ट होती. जमिनीवर तिला भिंतीची जोड लागली, समुद्रापाशी लागली नाही.

बांधणारे हात होते तीन लीजनचे: दुसरी ऑगस्टा, सहावी व्हिक्ट्रिक्स आणि विसावी व्हॅलेरिया व्हिक्ट्रिक्स. लीजन म्हणजे नागरिक सैनिकांची मोठी पलटण, आणि तिच्यात गवंडी, पाथरवट, सुतार, मोजणीदार सगळे असत. प्रत्येक ऐंशी माणसांच्या तुकडीला भिंतीचा एक तुकडा नेमून दिलेला असे. तो पुरा झाला, की तुकडी आपल्या नायकाचं नाव कोरलेला दगड तिथं बसवी. असे दगड आज संग्रहालयांत रांगेनं ठेवलेले आहेत. अक्षरं ओबडधोबड, ओळी वाकड्या, पण काम कुणाचं याबद्दल शंका नको. दर्शनी दगड एका माणसाला उचलता येतील एवढे. दोन्ही तोंडं घडीव दगडांची, मध्ये दगडगोट्यांचा भराव, कुठं चुन्यात तर कुठं नुसत्या मातीत.

ही भिंत हेड्रियनची, हे मात्र शतकानुशतकं लोक विसरले होते. तिचं श्रेय सेप्टिमियस सेव्हेरस या नंतरच्या सम्राटाला दिलं जाई. जॉन हॉजसन या पाद्री इतिहासकारानं १८४० मध्ये पुरावे एकत्र मांडले, तेव्हा गुंता सुटायला लागला. ३८ व्या गढीतला शिलालेख त्यातला कळीचा. त्यावर हेड्रियनचं नाव आहे, दुसऱ्या ऑगस्टा लीजनचं आहे आणि सुभेदार नेपोसचंही आहे.

या भिंतीची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिच्यात पुसून न टाकता राहिलेल्या दुरुस्त्या. चॉलरफोर्डच्या जवळ प्लेनट्रीज म्हणून भिंतीचा एक छोटासा अवशेष उभा आहे. तिथं पाया दहा रोमन फूट रुंद आहे. एका बाजूनं त्या पायावर तेवढीच रुंद भिंत येते, आणि मध्येच, एखाद्या पायरीसारखी, ती अरुंद होते. पाया मात्र तसाच रुंद पुढे जातो आणि भिंतीबाहेर उघडा पडतो. पुढे गेलेल्या टोळीनं जुन्या मापाचा पाया घालून ठेवला होता. मागून बांधकाम करणाऱ्यांपर्यंत नवा हुकूम पोचला, की रुंदी कमी करा. काम लवकर उरकायचं होतं, माणसं दुसरीकडे हवी होती, दगडचुना वाचवायचा होता, कारण काहीही असो. हुकूम बदलला ती जागा आजही बोटानं दाखवता येते.

रुंदीतला बदल किरकोळ वाटावा, असा मोठा बदल पुढे झाला. मूळ बेतात सैन्याच्या मुख्य छावण्या भिंतीवर नव्हत्याच. त्या दक्षिणेला स्टेनगेट या जुन्या रस्त्यालगत होत्या. व्हिंडोलँडा आणि कॉरब्रिज ही त्यांतली नावाजलेली नावं. भिंत अर्धी झाली नसेल तोच ठरलं, की किल्ले थेट भिंतीवर आणायचे. चेस्टर्सला किल्ल्याच्या पोटात आधीच्या बुरुजाचा पाया सापडला आणि खणून झालेला उत्तरेचा खंदक बुजवलेलाही सापडला. हाउसस्टेड्सच्या किल्ल्याखालीही तसाच एक पाडलेला बुरूज आहे. हे किल्ले जिथं जमीन साथ देईल तिथं भिंतीवर आडवे बसवले, म्हणजे अर्धा किल्ला उत्तरेला बाहेर आलेला. चेस्टर्स घोडदळाचा किल्ला. त्याच्या चार मोठ्या दरवाजांपैकी तीन भिंतीच्या पलीकडे उघडतात. ज्याला आत दडून बसायचं आहे तो असे दरवाजे करत नाही. हल्ल्याची बातमी आली, की तीन वाटांनी एकदम बाहेर पडून मोकळ्या रानात गाठायचं, ही रोमन सैन्याची रीत.

आपल्या डोळ्यांपुढे तट म्हटला की किल्ला येतो. चर्या, जंग्या, तोफांचे बुरूज, वेढा घालून बसलेला शत्रू आणि आत महिनोन्‌महिने झुंजणारी शिबंदी. हेड्रियनच्या भिंतीकडे त्या नजरेनं पाहिलं, तर ती फारच दुबळी वाटते. साधा हिशेब करू. भिंतीवरच्या किल्ल्यांत मिळून नऊ-दहा हजार सैनिक असावेत. सगळेच्या सगळे, स्वयंपाकी आणि आजाऱ्यांसकट, भिंतीवर उभे केले तरी दर बारा मीटरला एक माणूस. बुरूज चौकोनी आणि भिंतीच्या आतल्या अंगाला; बाहेर डोकावून भिंतीला भिडलेल्यांवर बाजूनं मारा करता येईल अशी त्यांची रचना नाही. आर. जी. कॉलिंगवूड या तत्त्वज्ञ-इतिहासकारानं १९२१ मध्ये हेच नेमकेपणानं मांडलं: ही लढण्याची भिंत नव्हे, ही पहारेकऱ्यांना उंचावर ठेवणारी, ये-जा नजरेखाली आणणारी रेषा आहे. त्यानंतर शंभर वर्षं वाद चालला आहे, पण त्या लेखाला वळसा घालून कुणाला जाता आलेलं नाही.

मग पहारा कुणावर? टॅसिटस या रोमन इतिहासकारानं ऱ्हाईन आणि डॅन्यूबकाठच्या दोन जमातींबद्दल लिहून ठेवलंय, ते इथं उपयोगी पडतं. इ.स. ७० च्या बंडाच्या वेळी टेंक्टेरी जमातीच्या दूतांनी कोलोन शहरासमोर तक्रार मांडली, की रोमनांनी आम्हाला पार परकं करून टाकलंय. तुमच्याकडे यायचं तर हत्यार खाली ठेवून, पहाऱ्यात आणि वर पैसे मोजून यावं लागतं. दुसरीकडे हेर्मुंडुरी या मित्र जमातीला मात्र डॅन्यूब ओलांडून रोमन शहरात बिनपहाऱ्याची ये-जा होती. म्हणजे सरहद्द सगळ्यांना सारखी नव्हती. कुठून जायचं, कधी, काय घेऊन आणि किती भरून, हे माणूस पाहून ठरत होतं. नदी असेल तर हे काम घाटावर होई. जिथं नदी नव्हती तिथं रोमनांनी घाट बांधून काढला, तो या दारांच्या रूपानं.

जकातीचा प्रश्न इथं सुटा करता येत नाही. आल्जीरियातल्या झराई इथं २०२ सालचा एक दगडी दरफलक सापडला आहे. त्यात गुलामाची जकात दीड दिनार, घोड्याचीही दीड दिनार. माणूस आणि जनावर एकाच ओळीत, एकाच भावानं. तो वाचताना अंगावर काटा येतो, आणि सरहद्दीवरच्या दारातून काय काय जात असे याची कल्पनाही येते.

आफ्रिकेतली सरहद्द दिसायलाही वेगळी होती. तिथं अखंड भिंत नाही, तर डोंगरांमधले सपाट पट्टे तेवढे बंद केलेले. ट्युनिशियात तेबागाचा असा बंधारा सुमारे १७ किलोमीटर आहे. मेंढपाळांचे कळप मोसमानुसार वाळवंटाकडून पेरणीच्या मुलखाकडे आणि परत जात. त्यांना कायमचं थोपवणं शक्य नव्हतं आणि फायद्याचंही नव्हतं. मात्र कापणीच्या आधी ते शेतात घुसू नयेत, एका वाटेनं यावेत, मोजले जावेत, एवढं हवं होतं. जर्मनीतली रेषा ५५० किलोमीटरची, सुमारे ९०० टेहळणी मनोऱ्यांची. तिच्यातला एक तुकडा, वाल्ड्यूर्नपासून वेल्झहाइमच्या पुढेपर्यंत, तब्बल ८१ किलोमीटर जवळजवळ नाकासमोर सरळ जातो. दऱ्या, टेकड्या, ओढे, कशाचाही मुलाहिजा नाही. मोर्चेबंदीच्या दृष्टीनं त्यातल्या कितीतरी जागा वाईट आहेत. पण एका मनोऱ्यावरून पुढचा दिसावा, आणि इथून पुढे रोम सुरू होतो हे परक्याला एका नजरेत कळावं, यासाठी सरळ रेषेसारखं दुसरं काही नाही.

ब्रिटनमध्ये मात्र एक गोष्ट अशी घडली, जी दुसऱ्या कुठल्याही रोमन सरहद्दीवर दिसत नाही. किल्ल्यांच्या जागा ठरल्यावर भिंतीच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्याच मुलखाच्या बाजूला, दुसरा एक अडसर खणला गेला. त्याला आज व्हॅलम म्हणतात. सपाट तळाचा चर, सुमारे सहा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल. दोन्ही काठांपासून थोडी जागा सोडून मातीचे दोन बांध. सगळं मिळून ३६ मीटरच्या आसपास. किल्ला आला की तो वळसा घेतो, म्हणून तो किल्ल्यांनंतरचा, हे निश्चित. तो ओलांडायची सोय किल्ल्यासमोरच, आणि तिथंही वाटेवर दरवाजा. न्यूकॅसलच्या बेनवेल भागात घरांच्या गर्दीत असा एक ओलांडा आजही पाहता येतो. व्हॅलममुळे सैन्याची जनावरं, सामान, गवताची कुरणं मागच्या बाजूनं सुरक्षित झाली. पण त्याचा खरा परिणाम दारांवर झाला. ऐंशी ठिकाणी भिंत पार करता येईल असा मूळ बेत होता. आता दक्षिणेकडून येणाऱ्याला किल्ल्यावरूनच जावं लागणार, म्हणजे वाटा पंधरा-सोळावर आल्या. पुढे कित्येक गढ्यांची उत्तरेची दारं चिणून माणसापुरती अरुंद केली गेली. ३७ व्या गढीचंही तेच झालं. पहिल्या बेतातला मोकळेपणा अनुभवानं आवळत नेला, असं मला यातून दिसतं.

स्थानिक माणसाच्या बाजूनं ही गोष्ट कशी होती? न्यूकॅसलच्या परिसरात भिंतीखालची जमीन उकरली, तेव्हा कित्येक ठिकाणी नांगराचे तास सापडले. भिंत ओसाड माळावर उभी राहिली नाही, ती कसत्या शेतातून गेली. उत्तरेच्या मैदानात गोल घरांच्या, खंदकानं वेढलेल्या शेतवस्त्या होत्या, पिढ्यान्‌पिढ्या नांदत्या. अलीकडच्या उत्खननांत दिसलंय, की त्यांतल्या अनेक भिंत बांधली गेली त्या सुमारास ओस पडल्या. त्यांना हाकललं का, बाजार तुटला म्हणून ते गेले, का नातेवाइकांपासून तुटून जगणं अवघड झालं, ते दगड सांगत नाहीत. पण ‘ये-जा नियंत्रित करणारी रेषा’ असे शब्द वापरताना या वस्त्या विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि ज्यांना ही भिंत निव्वळ जकातीची, कागदोपत्री सरहद्द वाटते, त्यांनी बायकर आणि वॉल्सेंडचे खड्डे पाहावेत. भिंत आणि खंदक यांच्या मधल्या पट्ट्यात ओळीनं खड्डे निघाले, आणि त्यांत अणकुचीदार फांद्या रोवल्याच्या खुणा. हे व्यापाऱ्यासाठी नव्हतं. रात्री गुरं पळवायला येणाऱ्या टोळीसाठी होतं. वीस-तीस जणांच्या टोळीला भिंत चढता येईल, पण वीस गाई घेऊन परत चढता येत नाही, आणि तेवढ्यात पुढच्या बुरुजावर दिवा हललेला असतो. फौज अडवायची नव्हती. फौजेसाठी रोमची फौज होती. रोजची धुसफूस अडवायची होती. सरहद्द राखणं बहुतेक वेळा असंच कंटाळवाणं, बारीकसारीक काम असतं.

ते काम करणाऱ्यांचं एक कागदपत्र हाती आहे, खरं तर लाकडाची पातळ पट्टी. व्हिंडोलँडाच्या चिखलात १९७३ पासून अशा शाईनं लिहिलेल्या शेकडो पट्ट्या निघाल्या. त्यांतली एक म्हणजे टुंग्रियन लोकांच्या पहिल्या कोहोर्टची, म्हणजे सैन्यतुकडीची, १८ मेची हजेरी, भिंतीच्याही सुमारे तीस वर्षं आधीची. पटावर ७५२. त्यांतले ४५६ बाहेरगावी. एकट्या कॉरब्रिजला ३३७, काही सुभेदाराच्या दिमतीला. जागेवर २९६. पैकी आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. कामाला उभे राहतील असे २६५. लेखनिकानं प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीवर, सांभाळून लिहिलाय. डोळे आलेल्या दहांची स्वतंत्र ओळ वाचली, की थंडीत चुलीच्या धुरानं भरलेल्या बराकी समोर येतात. साम्राज्याची सरहद्द म्हणजे प्रत्यक्षात ही माणसं. टुंग्रियन आजच्या बेल्जियमकडचे; पुढे भिंतीवर सिरियाचे तिरंदाज आले, डेशियाचे पायदळ, स्पेनमधल्या अस्तुरियाचे घोडेस्वार. भिंत बांधली लीजननी, राखली ती अशा परमुलखातल्या तुकड्यांनी.

भिंत पुरेशी ठरली का? १४२ मध्ये हेड्रियनच्या वारसानं, अँटोनायनस पायसनं, सरहद्द उत्तरेला स्कॉटलंडमध्ये नेऊन मातीची दुसरी भिंत घातली. वीसेक वर्षांत ती सोडून सैन्य परत जुन्या भिंतीवर आलं. १८० नंतर लवकरच उत्तरेच्या जमातींनी भिंत ओलांडली आणि एका सेनापतीला त्याच्या सैनिकांसह कापून काढलं, असं डिओ या इतिहासकारानं लिहिलंय. मोठी फौज आली तेव्हा भिंत थांबवू शकली नाही, आणि त्यासाठी ती बांधलीही नव्हती. ३६७ ची गोष्ट जास्त झोंबणारी. तेव्हा सरहद्दीपलीकडची बातमी आणण्यासाठी नेमलेले हेरच लाच घेऊन पलीकडच्यांना मिळाले होते. भिंतीच्या उत्तरेला बिउकासल, हाय रॉचेस्टर अशी पुढची ठाणी होती, तिथून खबरा येत म्हणून मागचे थोडके सैनिक पुरत. बातमीच विकली गेली, तेव्हा दगड काय करणार?

तरी दारांचं काम चालूच राहिलं. चौथ्या शतकात हाउसस्टेड्सच्या पूर्वेला, नॅग बर्न ओढ्यापाशी भिंतीत मुद्दाम एक नवी वाट काढली गेली. तिच्या दोन्ही टोकांना दरवाजे, दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या. आत आलेल्याच्या मागचं दार लावून घ्यायचं, झडती घ्यायची आणि मग पुढचं उघडायचं. बांधकाम सुरू झाल्यानंतर दोनशे वर्षांनीही भिंत याच कामासाठी दुरुस्त होत होती.

चारशे दहाच्या आसपास रोमचा पगार बंद झाला. बर्डोस्वाल्ड किल्ल्यात त्यानंतर काय झालं ते उत्खननात उलगडलं. एका धान्यकोठाराची जमीन बदलून तिथं लोक राहायला लागले, चूल पेटली. दुसऱ्या कोठारावर पुढे लाकडी खांबांचा मोठा दिवाणखाना उभा राहिला. शिबंदी पांगली नसावी. तिथल्याच पोरींशी लग्नं झालेली, तिथंच शेती. धान्य आता रोमच्या गोदामातून येणार नव्हतं, तेव्हा ते आसपासच्या गावांकडून वसूल करणारा कुणी म्होरक्या त्या दिवाणखान्यात बसत असणार, आणि भिंतीतलं आपल्या वाट्याचं दार तो स्वतःच्या नावावर राखत असणार.